प्रेमाचा विज्ञानपट कसा पाहावा: नियम, क्रम आणि अडखळण्याच्या जागा

प्रेमकथेला दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं. बाप, जात, पैसा, आधीच झालेलं लग्न, परगावची नोकरी. विज्ञानपटात त्या जागी एखादं यंत्र येतं, नाहीतर निसर्गाचा एखादा नियम. फरक छोटा वाटतो, पण कथेवर त्याचा फार परिणाम होतो. बापाशी भांडता येतं, घरातून पळून जाता येतं. प्रकाशाच्या वेगाशी कोण भांडणार? त्यामुळे या सिनेमांत खलनायक बहुधा नसतो, आणि खलनायक शोधत बसलेला प्रेक्षक पाऊण तासात कंटाळतो.

म्हणून पाहायला बसताना पहिलं काम एकच: आडवा आलेला नियम ओळखायचा. एक कागद घ्या आणि त्यावर तीन ओळींची जागा सोडा. नियम काय? त्याची किंमत काय? ती कोण भरतं? पहिली ओळ साधारण पंचविसाव्या मिनिटापर्यंत भरता आली पाहिजे. अर्धा सिनेमा झाला तरी ती रिकामी असेल, तर एकतर दिग्दर्शकाने नियम मुद्दाम लपवलाय, नाहीतर त्यालाच तो ठाऊक नाही. दुसरी ओळ मध्यावर भरा. तिसरीला शेवटपर्यंत हात लावू नका. चांगल्या सिनेमात किंमत भरणारा माणूस मध्येच बदलतो, आणि खरी गोष्ट तिथेच असते.

‘हे शक्य आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. एक अशक्य गोष्ट गृहीत धरायची मुभा या प्रकाराला असतेच. विचारायचं ते हे, की सिनेमा स्वतः घातलेला नियम स्वतः पाळतो का? ‘अबाउट टाइम’ (२०१३) घ्या. भूतकाळात जायची कला घराण्यातल्या पुरुषांनाच अवगत आहे, असं सुरुवातीला बाप मुलाला सांगतो; पुढे तोच मुलगा बहिणीचा हात धरून तिलाही मागे घेऊन जातो. सिनेमा गोड आहे, बापलेकाचे प्रसंग तर फारच छान आहेत, पण नियम तिथे गळतो. पुढच्या संकटात पात्रांची काळजी वाटेनाशी होते, कारण दिग्दर्शक ऐन वेळी सूट देईल हे आपण ताडलेलं असतं.

आधी टीव्ही नीट करा

यातली निम्मी गडबड सेटिंगमधली असते. नव्या टीव्हीत दोन चित्रांच्या मध्ये स्वतःची चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करायची सोय चालूच येते. सॅमसंगमध्ये ती ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने सापडते, सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’. ती बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. सेकंदाला २४ चित्रांवर चित्रित झालेला सिनेमा या सोयीमुळे मालिकेसारखा दिसू लागतो. चित्र पडदाभर ताणणारा ‘झूम’ही काढा, वरखाली काळे पट्टे राहिले तर राहू देत.

ओटीटीवर ‘स्किप इंट्रो’ला हात लावू नका. ‘इटर्नल सनशाइन’मध्ये श्रेयनामावली सुमारे सतराव्या-अठराव्या मिनिटाला येते, आणि ती तिथे का येते हा कथेचाच भाग आहे. सिनेमा संपताच पुढचा सुरू करणारा ‘ऑटोप्ले’ही बंद ठेवा. डबिंग टाळा, सबटायटल लावा.

पहिली संध्याकाळ: दोन छोटे

थेट पावणेतीन तासांच्या ‘सोलारिस’ला भिडणारे बरेचजण पुन्हा या वाटेला फिरकत नाहीत. सुरुवात ख्रिस मार्करच्या ‘ला जेते’पासून करा. १९६२चा हा फ्रेंच चित्रपट जेमतेम २८ मिनिटांचा आहे आणि तो जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा बनलेला आहे. तिसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसच्या भुयारांत जगणाऱ्या एका कैद्याला भूतकाळात पाठवलं जातं. त्यालाच का? तर लहानपणी ओर्ली विमानतळावर पाहिलेला एका बाईचा चेहरा त्याच्या मनातून गेलेला नाही, आणि भूतकाळाला इतकं घट्ट धरून बसलेलं मन या प्रवासात टिकेल असा प्रयोग करणाऱ्यांचा होरा असतो. म्हणजे प्रेम हेच इथे इंधन. कागदावरची पहिली ओळ लगेच भरते.

संपूर्ण चित्रपटात एकच हलतं दृश्य आहे: ती बाई झोपेतून जागी होते आणि पापण्या लववते. काही क्षणांचाच मामला. मोबाइलकडे पाहत असाल तर हुकला म्हणून समजा. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो तो ‘अडकलंय का?’ म्हणून मागेपुढे करण्याने. काहीही अडकलेलं नाही. निवेदन फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत असं दोन्ही मिळतं. इंग्रजी निवेदनाची आवृत्ती मिळाली तर पहिल्या वेळी तीच घ्या, कारण इथे वाचण्यापेक्षा चेहऱ्यांकडे पाहणं महत्त्वाचं.

दहा मिनिटं थांबून माकोतो शिंकाईचा ‘व्हॉइसेस ऑफ अ डिस्टंट स्टार’ (२००२) लावा, २५ मिनिटं. शिंकाईने हा अ‍ॅनिमेशनपट घरच्या संगणकावर बहुतांश एकहाती केला. शाळकरी मिकाको अंतराळातल्या लढाईवर जाते, नोबोरू पृथ्वीवर राहतो, दोघं मोबाइलवरून संदेश पाठवतात. ती जितकी दूर, तितका संदेश उशिरा. आधी दिवस, मग महिने, आणि व्याध ताऱ्यापाशी पोहोचल्यावर साडेआठ वर्षांहून जास्त. हा आकडा मनाने घेतलेला नाही: व्याध आपल्यापासून खरोखरच सुमारे ८.६ प्रकाशवर्षं दूर आहे. यंत्रमानवांच्या लढाया आज जुन्या वाटतील, त्या सोसून घ्या. तीन ओळी भरायला इतका सोपा नमुना दुसरा नाही.

दुसरी: इटर्नल सनशाइन

मिशेल गाँड्रीचा हा २००४चा सिनेमा १०८ मिनिटांचा. पटकथा चार्ली कॉफमनची; मूळ कथाकल्पनेत गाँड्री आणि पिएर बिस्मथ यांचाही वाटा, आणि तिघांना मिळून ऑस्कर मिळालं. नियम असा: लॅक्युना नावाचा दवाखाना एका रात्रीत एखादी व्यक्ती तुमच्या स्मृतीतून पुसून देतो. पुसायला सुरुवात होते ताज्या आठवणीपासून, आणि काम मागे मागे सरकतं. या एका तपशिलावर सगळा डोलारा उभा आहे. तुटलेल्या नात्याच्या ताज्या आठवणी कडवट असतात, जुन्या गोड. त्यामुळे पुसलं जाण्याला सुरुवातीला खुशीने तयार असलेला जोएल जसजसा मागे जातो तसतसा आठवणी वाचवायला धडपडू लागतो. उलट्या क्रमाने, म्हणजे जुन्यापासून पुसत आले असते, तर हा सिनेमा झालाच नसता.

लोक गोंधळतात ते काळात. उपाय पडद्यावरच आहे: जोएलची प्रेयसी क्लेमेंटाइन हिचे केस. (अगदी कोरं पाहायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) पहिल्या भेटीत ते हिरवे, सुखाच्या दिवसांत लाल, नातं विटत असताना नारिंगी, आणि पुसून झाल्यानंतरच्या वर्तमानात निळे. सिनेमा उघडतो तेव्हा निळे असतात. एवढं ध्यानात ठेवलं की कुठलाही प्रसंग कुठे बसतो ते दोन सेकंदांत कळतं. कागदाच्या मागच्या बाजूला चार रंग उभे लिहून ठेवा आणि प्रसंग येईल तसा त्यापुढे एकेक शब्द टाका.

तंत्राकडेही एक डोळा असू द्या. गाँड्रीने संगणकापेक्षा कॅमेऱ्यासमोरच्या क्लृप्त्या जास्त वापरल्या. जोएल लहान होऊन स्वयंपाकघरात टेबलाखाली बसतो, त्या प्रसंगाचा सेट खोट्या दृश्यकोनाने बांधलेला आहे: मागची बाजू मोठ्या मापाची, पुढची लहान. डॉक्टरच्या खोलीत जोएल स्वतःलाच पाहतो, तिथे जोएल झालेला जिम कॅरी कॅमेऱ्यामागून धावत, कपडे बदलत दुसऱ्या जागी पोहोचलेला आहे. अशा दृश्यांना किंचित ओबडधोबडपणा असतो, आणि विरत चाललेल्या आठवणीला तो शोभतो. कमी पैशांत असा लघुपट करू पाहणाऱ्यांनी हे प्रसंग थांबवून, पुन्हा लावून अभ्यासावेत. अर्थात दुसऱ्या वेळी.

तिसरी आणि चौथी: घडवलेला जोडीदार

स्पाइक जोन्झचा ‘हर’ (२०१३, १२६ मिनिटं) आणि मारिया श्राडरचा जर्मन ‘आय अ‍ॅम युअर मॅन’ (२०२१) लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहा. एकात आवाज आहे, शरीर नाही. दुसऱ्यात शरीर आहे आणि त्याचं वागणं गणिताने ठरवलेलं.

‘हर’ हेडफोन लावून पाहावा, निदान चांगल्या स्पीकरवर तरी. थिओडोर नावाचा एकटा माणूस ज्या बोलत्या संगणकप्रणालीच्या प्रेमात पडतो, त्या सामंथाची भूमिका चित्रीकरणाच्या वेळी सामंथा मॉर्टन करत होती. संकलनाच्या टप्प्यावर तिचा आवाज काढून स्कार्लेट जोहान्सनचा घातला गेला. टीव्हीच्या चपट्या स्पीकरवर तो आवाज खोलीभर पसरतो. कानाशी असला की थिओडोरची अवस्था कळते. भविष्यातलं लॉस एंजेलिस उभं करताना शांघायच्या पुडाँग भागातले उंचावरचे पादचारी मार्ग वापरलेत, आणि निळा रंग जवळजवळ हद्दपार केलाय. विज्ञानपट म्हटलं की थंड निळा उजेड, ही सवय मोडायला एवढं पुरतं. शेवटच्या अर्ध्या तासात दोन आकडे येतात: ८,३१६ आणि ६४१. ते कशाचे हे इथे सांगत नाही. कागदावरची पहिली ओळ मात्र तिथे खोडून नव्याने लिहावी लागेल. आणि हो, मध्ये पडदा पूर्ण काळा होतो आणि फक्त आवाज राहतात. टीव्ही बिघडलेला नाही, पण आईबाबा शेजारी असतील तर तो काळोख फार लांबतो.

‘आय अ‍ॅम युअर मॅन’मध्ये बर्लिनच्या पेर्गामॉन संग्रहालयात कीलाकार लिपीवर काम करणारी आल्मा तीन आठवड्यांसाठी एक यंत्रपुरुष घरी आणते, तेही त्यावर अहवाल लिहायचा म्हणून. टॉम नावाचा हा यंत्रपुरुष पहिल्याच दिवसांत मेणबत्त्या आणि गुलाबपाकळ्यांनी न्हाणीघर सजवतो आणि सांगतो, ९३ टक्के जर्मन स्त्रियांचं हे स्वप्न असतं. आल्मा उरलेल्या सातांतली. विनोद छान आहे, पण सिनेमाचा नियमही तिथेच सांगून टाकलाय: चूक झाली की टॉम सुधारतो, आणि सुधारत सुधारत तो अचूक होत जातो. किंमत कशाची, हे मग आपलं आपण शोधायचं. डबिंग इथे विशेष घात करतं. टॉम जर्मन बोलतो ते ब्रिटिश वळणाने, आणि तो तसा का घडवलाय याचं कारण संवादातच आहे. आल्माच्या भूमिकेसाठी मारेन एगर्टला बर्लिन महोत्सवात ‘रुपेरी अस्वल’ हे पारितोषिक मिळालं; अभिनेता-अभिनेत्री असा भेद न करता दिलेलं ते प्रमुख भूमिकेचं पहिलंच.

या दोघांनंतर सुजय डहाकेचा ‘फुंतरू’ (२०१६) आवर्जून पाहा. अभियांत्रिकीचं कॉलेज, नकार पचवू न शकलेला मुलगा, आणि त्या मुलीचा होलोग्राम. मराठीत प्रेमाचा विज्ञानपट इतक्या उघडपणे करायला कुणी सहसा धजत नाही. त्याच्याकडे तीन ओळींचा कागद घेऊनच पाहा: किंमत नेमकी कोण भरतं, ती खरी मुलगी, की तिची प्रतिमा, की तो? रजनीकांतचा ‘एंधिरन’ (२०१०, हिंदीत ‘रोबोट’) याच वाटेने जातो, फक्त तिथे प्रेमात पडतं ते यंत्र, आणि त्याच्या मत्सराचे परिणाम शंभरपट मोठ्या आवाजात येतात.

‘द लॉबस्टर’ (२०१५) मध्ये कधीही घ्या, पण जेवताना नको. ४५ दिवसांत जोडीदार मिळाला नाही तर माणसाचं जनावर करून टाकणारं हॉटेल, एवढं ठाऊक असलं की पुरे. सगळे कोरड्या, सपाट सुरात बोलतात. तो वाईट अभिनय नव्हे, दिग्दर्शक यॉर्गोस लँथिमोसची तीच रीत. हॉटेलचा नियम पहिल्या दहा मिनिटांत लिहाल आणि निश्चिंत व्हाल. मग हॉटेलबाहेर जंगलात लपून राहणाऱ्यांचा उलटा नियम येतो.

सोलारिस: सुट्टीच्या दिवशी, दोन बैठकांत

आंद्रेई तारकोव्स्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) जवळपास पावणेतीन तासांचा आहे आणि मुळातच दोन भागांत केलेला आहे. तेव्हा भाग संपला की खुशाल उठा, चहा करा. सलग पाहायचा हट्ट धरून दुसऱ्या भागात डुलक्या काढण्यात काही पराक्रम नाही. ‘मॉसफिल्म’च्या यूट्यूब वाहिनीवर तो सबटायटलसह मिळतो.

पहिली अडचण सुरुवातीचीच. अंतराळस्थानक येईपर्यंत सुमारे पाऊण तास पृथ्वीवर जातो: तळं, पाणवनस्पती, पाऊस, वडिलांचं घर. त्यात एक लांबलचक मोटारप्रवास आहे, टोकियोच्या रस्त्यांवर आणि बोगद्यांत चित्रित केलेला. सगळ्यात जास्त माणसं इथे उठतात. हा भाग पुढे नेऊ नका. इथली पानं, पाणी, घर हे सगळं शेवटच्या काही मिनिटांत परत लागतं, आणि पाहिलेलं नसेल तर शेवट डोक्यावरून जातो. मध्येच रंग जाऊन कृष्णधवल किंवा निळसर दृश्यं येतात, तीही मूळचीच. अर्थ लावत बसू नका, पहिल्या वेळी तरी.

नियम साधारण तासाभराने कळतो. सोलारिस ग्रहावरचा महासागर माणसाच्या स्मृतीतून माणसं घडवून पाठवतो. स्थानकावर आलेल्या क्रिस केल्विनसमोर येते त्याची बायको हरी, जिने काही वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली आहे. इथे तिच्या कपड्यांकडे पाहा. तिचा पोशाख नीट सोडवता येत नाही, क्रिसला तो कात्रीने कापावा लागतो. कारण ही हरी त्याच्या आठवणीतून आली आहे, आणि तो पोशाख कसा काढघाल करतात याकडे त्याने कधी लक्षच दिलं नसावं. पुढे खुर्चीवर तिची शाल असते, आणि नव्याने आलेली हरी तशीच दुसरी शाल आणून ठेवते. एक संवाद न वापरता सांगून झालं, की पहिली कुठे गेली आणि ही कोण आहे.

मग प्रश्न उलटतो, आणि ‘सोलारिस’ मोठा ठरतो तो यामुळे. हरीला स्वतःची जाणीव येऊ लागते. ती खरी नाही हे तिला कळतं, आणि तरीही तिला दुखतं. तिसरी ओळ क्रिसच्या नावावर लिहून ठेवली असेल तर खोडा. वाचनालयातल्या प्रसंगात काही सेकंद गुरुत्वाकर्षण नाहीसं होतं, बाखचं संगीत येतं, कॅमेरा ब्रॉयगेलच्या हिमातल्या शिकाऱ्यांच्या चित्रावर फिरतो. तेवढ्यासाठी आवाज मोठा ठेवा.

मूळ कादंबरी (१९६१) लिहिणाऱ्या स्तानिस्वाव लेमला हा चित्रपट आवडला नव्हता. त्याला महासागराचं, म्हणजे माणसाला कधीच न समजणाऱ्या बुद्धीचं कुतूहल. तारकोव्स्कीला माणसाच्या अपराधाचं. पुस्तक आवडलेल्यांची निराशा होते ती यामुळे. स्टीव्हन सोडरबर्गची २००२ची आवृत्ती तासाभराने लहान आहे आणि तीत प्रेमकथाच पुढे आहे. आधी तीच पाहून ‘गोष्ट कळली’ म्हणू नका. नंतर पाहिली तर दोन दिग्दर्शकांनी काय टाकलं, काय ठेवलं हे छान दिसतं.

यानंतरचे

इथवर आलात की आलँ रेनेचा ‘ज तेम, ज तेम’ (१९६८) झेपेल. आत्महत्येतून वाचलेल्या माणसाला बरोबर एक वर्ष मागे, एका मिनिटासाठी पाठवायचं ठरतं. सोबत एक उंदीर असतो. यंत्र बिघडतं आणि तो स्वतःच्या आयुष्याच्या तुकड्यांत भरकटतो. तुकडे क्रमाने लावायचा प्रयत्न करू नका. समुद्रातून बाहेर येण्याचं दृश्य किती वेळा येतं आणि दर वेळी किती लांबतं, एवढंच टिपा. ‘इटर्नल सनशाइन’ आवडलेल्यांना ओळखीच्या खुणा दिसतील. त्या वर्षी कान महोत्सव आंदोलनामुळे अर्ध्यातच थांबला आणि हा सिनेमा तिथे दाखवलाच गेला नाही.

गोदारच्या ‘अल्फाव्हिल’ला (१९६५) एकही भविष्यातला सेट नाही, त्या काळच्या पॅरिसमधल्या नव्या इमारती रात्री चित्रित करून भविष्य म्हणून दाखवल्यात. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्यासाठी तो पाठ्यपुस्तक आहे.

शेन कॅरूथचा ‘अपस्ट्रीम कलर’ (२०१३, ९६ मिनिटं) सर्वांत शेवटी ठेवा. अळी, डुकरं आणि ऑर्किडची फुलं यांचं एक चक्र आहे. त्यात सापडलेली दोन माणसं, आपल्याला काय झालंय हे न कळता, एकमेकांकडे ओढली जातात. शेवटच्या भागात संवाद जवळजवळ नाहीतच. अळी कुठून कुठे जाते एवढा बाण काढत राहा, बाकीचं आपोआप जागेवर येतं.

एका रात्री दोन मोठे सिनेमे लावू नका, आणि मध्यंतरात इंटरनेटवरचं ‘शेवटाचा अर्थ’ वाचू नका. तीन ओळी भरून झाल्यावरच वाचा. आपली तिसरी ओळ आणि दुसऱ्याची तिसरी ओळ जुळली नाही, तर गप्पांना तेवढं भांडवल पुरतं. ही मालिका सोसायटीच्या सभागृहात किंवा कॉलेजात करायची असेल तर ध्यानात घ्या, ओटीटीची वर्गणी घरापुरती असते. जाहीर खेळाला हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. मुंबई-पुण्यात जर्मन चित्रपटांसाठी मॅक्समुल्लर भवन आणि फ्रेंचसाठी आलियान्स फ्रान्सेज इथे आधी विचारून पाहा, आणि तारीख ठरवण्याच्या बऱ्याच आधी विचारा. ‘ला जेते’ दाखवणार असाल, तर सुरुवातीलाच सांगून टाका की चित्रं हलणार नाहीत. नाहीतर कुणीतरी उठून प्रोजेक्टरची वायर हलवतोच.